खांबाला वळसा

मी एक फॉर्म बोलतोय. कचेरीच्या खिडकीत भरून देतात, तो नव्हे. तायक्वांदो शिकणारे ठरलेल्या हालचाली ओळीने, एकट्याने करतात, त्या माळेला फॉर्म म्हणतात. मला ना हात, ना पाय. कुणी मला केलं, तर मी आहे. नाही केलं, तर नाही.

शिंप्याच्या दुकानावरच्या लांबट खोलीत माझा जन्म झाला. मधोमध खांब होता, त्याला जुनी गादी सुतळीने बांधलेली. तिथे सर तायक्वांदो शिकवत. त्यांची बायको ज्युदो खेळलेली. मुलं तिला बाई म्हणत.

एकदा सर उंच लाथेचं कौतुक सांगत होते. गाद्या झटकता झटकता बाई म्हणाल्या, "अहो, पाय वर गेला की माणूस एका पायावर. मग त्याला कुणीही पाडेल."

"असं? पाड बघू!"

पुढच्या क्षणी सर पाठीवर आडवे. खालूनच पोट धरून हसत म्हणाले, "हे आपल्यात घ्यायचं!"

मग दोघांनी मिळून मला रचलं. सरांची लाथ, ती खाली टेकायच्या आत बाईंची कॉलरला पकड, आणि कंबर वळवून धोबीपछाड. शुद्ध तायक्वांदोवाले नाक मुरडत, "धड हे नाही, धड ते नाही." पण बापाचं नाक आणि आईचे डोळे घेतलेल्या पोराला कुणी भेसळ म्हणतं का?

नावही 'पाड बघू'च पडलं. वाटेत खांब यायचा, म्हणून माझ्यात एक तिरकं पाऊल आलं. मुलांना त्यात काही गूढ वाटे. बाई म्हणत, "गूढ कसलं! कपाळमोक्ष टाळायचा."

बाई गेल्या. सरांनी वर्ग नव्या, मोकळ्या हॉलमध्ये नेला. तिथे लाथा शिकवत, ठोसे शिकवत. माझं मात्र नाव काढत नसत. मी विरत चाललो. उरलो तो त्यांच्या लेकीच्या अंगात, तोही अर्धामुर्धा.

परवा वर्ग सुटल्यावर ती म्हणाली, "बाबा, बघा हं. चुकले तर सांगा."

सर खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. मान खाली, पण कान तिच्या पावलांकडे. लेकीने लाथ घेतली, वळली, आणि मध्यावर सरळ पुढे आली.

"धडकलीस."

"कशाला?"

"खांबाला."

"बाबा, इथे खांब कुठाय?"

सरांनी बूट काढले आणि हॉलच्या मधोमध जाऊन ताठ उभे राहिले. "हा काय. आता जा वळसा घालून."

ती हसत गेली. तिरकं पाऊल नेमक्या जागी पडलं. पकडीपाशी आली, तर खांबच तिच्याकडे वळला आणि त्याने आपली कॉलर पुढे केली.

"बाबा, तुमचा गुडघा दुखेल!"

"गुडघा माझा आहे. पाड बघू!"

तिने पाडलं, अगदी अलगद, डोकं सांभाळून. सर खालूनच पोट धरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "कोपर आत घे गं. तुझी आई आत घ्यायची."

आता मी रोज असतो. तुम्ही कधी मला शिकलात, तर अगदी मोकळ्या मैदानातही मला सरळ करू नका. मधे कुणीतरी उभं आहे.