बसून उठता येईल असा ट्रे

"मामा, सँपल हाय ते, बसायचं न्हाई त्यात," असं रविकिरण म्हणेपर्यंत ज्ञानोबानं चपला काढल्याही होत्या. औसा रोडवरच्या त्या चकचकीत दुकानात शॉवर ट्रे ओळीनं मांडले होते. हल्लीच्या बाथरूममध्ये शॉवरखाली बसवतात ती उथळ चौकोनी परात, तिचं एवढं थाटाचं नाव. त्यातल्या पांढऱ्याशुभ्र ॲक्रिलिकच्या ट्रेत ज्ञानोबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हळूहळू खाली बसला.

"बसल्याबिगर कसं कळंल?" तो म्हणाला. "तांब्याभर पाणी आणा. अन् साबण."

रविकिरण दुकानातला विक्रेता. त्यानं मल्लिनाथशेठकडे बघितलं. शेठचा डाळीचा व्यापार, गिऱ्हाईक मोठं. शेठनं थकलेल्या चेहऱ्यानं मान हलवली, "आणा बाबा. सकाळपासून यांचंच ऐकून राहिलो."

ट्रे हवा होता शेठच्या आईसाठी. पार्वतम्मा काठी मांडीवर आडवी घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं. मनगट पुढे जुळलं, पण घरच्यांचा विश्वास काही जुळला नाही. तेव्हापासून सून मंजुषा त्यांना आंघोळ घाली. मंजुषा वाईट नव्हती. पण पोरांचे डबे, शेठची घाई, भांडी, यातून तिला साडेनऊशिवाय हात मोकळा होत नसे. आणि आंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय पार्वतम्मा पाण्याचा घोटही घेत नसत. पहाटे पाचला जागी होणारी बाई साडेनऊपर्यंत कोरड्या घशानं भिंतीकडे बघत बसे. शेवटी एक दिवस त्या लेकाला म्हणाल्या, "माझी आंघोळ मला माझ्या हातानं करू दे. दुसरं काई मागत न्हाई." म्हणून बाथरूम फोडायचं ठरलं. आणि त्यांनीच हट्ट धरला, की निवड करायला फरशीवाला ज्ञानोबाच पाहिजे.

"आज्जी, आता लोक उभ्यानंच आंघोळ करतात," रविकिरणनं समजावून बघितलं.

"उभ्यानं घोडं धुतात," पार्वतम्मा म्हणाल्या. "अन् नळाला आठ दिवसाला पाणी, तुमचा शॉवर कशानं चालतो रे?"

घरच्यांनी त्यांना प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं होतं. त्यावर बसलं की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं म्हणून त्यांनी ते गच्चीवर पाठवलं. त्या खाली बसूनच आंघोळ करणार होत्या. म्हणजे प्रश्न बसण्याचा नव्हता, उठण्याचा होता.

आणि उठण्याबद्दल ज्ञानोबाला कोणी शिकवायची गरज नव्हती. सदतीस वर्षं तो फरशी बसवत आला होता. सदतीस वर्षं उकिडवं बसायचं, गुडघ्यावर रांगायचं, तीन-तीन मजले ओल्या सिमेंटमधून सरकत जायचं. गुडघे कधीच कामातून गेले होते. हे फक्त त्याच्या बायकोला, पंचफुलाला, माहीत होतं. कामावर तो भिंतीला धरून उठायचा, आणि कोणी बघत असेल तर उगाच ओळंब्याची दोरी सोडून भिंत सरळ आहे का बघायचा. मिस्त्रीचे गुडघे गेले हे एकदा गावभर झालं की काम कोण देतो?

साबणाचं पाणी ओतलं. ज्ञानोबानं उठायला टाच रोवली, ती सर्रकन पुढे गेली. दुसऱ्यांदा रोवली, पुन्हा गेली. बाजूला धरायला भिंत नव्हती, नुसती प्लायवूडची फळी होती, तीही हलत होती. तिसऱ्यांदा गुडघा कटकन वाजला आणि तो धप्पकन बसला. ट्रे खालून पोकळ वाजला. टाइल्स बघायला आलेलं एक जोडपं थांबून बघू लागलं. मग शेठनं आणि रविकिरणनं काखेत हात घालून त्याला उचललं. त्याची पँट मागून निथळत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हा बाद," पार्वतम्मा शांतपणे म्हणाल्या.

"सिरॅमिकचा दाखवू?"

"तांब्या पडला तर कपचा उडंल त्याचा," ज्ञानोबा म्हणाला. "तो भुरकट ट्रे कशाचा हाय?"

"दगडाच्या भुकटीचा. जड हाय, खडबडीत हाय. रंग लोकांना आवडत न्हाई."

ज्ञानोबानं त्यावरून तळहात फिरवला. तेवढ्यावर सांगता आलं असतं. शेठही म्हणाले, "राहू द्या मिस्त्री, लई झालं." पण तळहाताला गुडघ्याचं दुखणं काय कळणार? उद्या म्हातारी साबणाच्या पाण्यात एकटी बसणार होती. ज्ञानोबा पुन्हा खाली बसला. पुन्हा साबणाचं पाणी. हात टेकले, टाच रोवली. टाच तिथंच राहिली. पुरतं उभं राहायला त्याला मिनिटभर लागलं, पण तो एकटा उठला.

"हा घ्या," तो म्हणाला.

बाहेर गाडीपाशी शेठनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्त्री, वाईट वाटून घेऊ नका. बसवायला दुसऱ्याला बोलवतो. तुमचे गुडघे…"

साबणानं घसरलो, असं म्हणता आलं असतं. पण इतकी वर्षं झाकलेली गोष्ट त्यानं स्वतःच भर दुकानात उघडी केली होती.

"हाव," तो म्हणाला. "मल्लेश मिस्त्रीला सांगा. हात चांगला हाय त्याचा. फकस्त ट्रे फरशीच्या बरोबरीनं बसवायला लावा. काठ वर ठिवला तर तुमच्या अव्वा अडखळतील. अन् खाली सिमेंटचा मसाला ठासून भरायचा, पोकळ न्हाई ठेवायचं."

"एवढं माझ्या ध्यानात ऱ्हायचं न्हाई. तुम्हीच उभं राहून करून घ्या."

उभं कुठलं, त्याला खुर्ची दिली. दोन दिवस ज्ञानोबा दारात खुर्चीवर बसून मल्लेशची वाकलेली पाठ बघत राहिला. मोकळे हात मांडीवर ठेवून बसण्याइतकं अवघड काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

आठवड्यानं पार्वतम्मांचा निरोप आला, उद्या नव्या ट्रेत पहिली आंघोळ, सकाळी सहाला ये. तो गेला. बाथरूमचं दार लावलेलं होतं, आत तांब्यानं पाणी घेतल्याचा आवाज येत होता. मंजुषानं त्याला चहा दिला. मग पाण्याचा आवाज थांबला, आणि थांबलेलाच राहिला. मंजुषा दाराकडे धावली, शेठही उठले.

ज्ञानोबानं हात आडवा केला. "थांबा. उठून राहिल्या त्या. उठायला येवढा टाइम लागतो."

त्या घरात हे फक्त त्यालाच माहीत होतं.

कडी निघाली. ओल्या केसांच्या पार्वतम्मा बाहेर आल्या, कुणाशी न बोलता, कुणाला न धरता पूजेच्या खोलीत गेल्या. साडेसहाला त्यांनी पाणी मागितलं. पेला रिकामा करून म्हणाल्या, "ज्ञानोबा, लई दिवसांनी पाणी गोड लागलं रे."

ज्ञानोबा हसला. कप खाली ठेवून उठायला लागला, तसे मल्लिनाथशेठ धरायला पुढे आले. त्यानं धरू दिलं.