आत हाय, कडी काढा

मला राग लवकर येतो. विसराळू म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बाईला तो परवडत नाही, पण अल्लाने दिलाय, आता कुठे नेऊन टाकू?

आमचा वृद्धाश्रम लातूरच्या ट्युशन एरियात, एका इमारतीच्या तळमजल्यावर. वर डॉक्टर व्हायला निघालेल्यांचा क्लास. दुपारी चारला बॅच सुटते, दोनशे पोरं एकदम जिना उतरतात आणि आमच्या मांडणीतले स्टीलचे पेले किणकिणतात. तेवढ्यात गुरम्मा खाटेवरून उठायची आणि हॉलचं दार दोन्ही हातांनी बडवायची. “आत हाय, आत हाय. कडी काढा.”

म्हातारी किल्लारीकडची, भूकंपातून वाचलेली. जमीन हादरली की तिला बाहेर पळायचं असतं, हे कुणी वेगळं सांगायला नको. आम्हीसुद्धा तेव्हा महिनाभर अंगणात झोपलो होतो. मी समजूत घालायचे, हाव माय, आतच हायेस, कायबी झालं न्हाई. त्यावर ती माझ्याकडे अशी बघायची की डोकं फिरलंय ते माझंच.

वरच्या क्लासवाल्यांनी तक्रार केली. आश्रम चालवणाऱ्या रुद्राणी मॅडम मला म्हणाल्या, नाझनीन, सोमवारपासून साडेतीनलाच तिचे हात खाटेला बांधत जा, तुझी ओढणी चालेल. मी म्हटलं, माझी ओढणी डोक्यावर घ्यायला आहे. तोंड वर करून बोलले खरी, पण मग दिवसभर नोकरी गेली तर काय, याचाच हिशेब करत राहिले.

शनिवारी मी एक शक्कल लढवली. पावणेचारलाच गुरम्माला बाहेर आवारात आणून बसवलं आणि हॉलला कुलूप घातलं. बाहेरच बसली, आता कशाला घाबरेल? बॅच सुटली. जिना धडधडला. गुरम्मा उठली, वळली आणि बाहेरून दार बडवायला लागली.

“आत हाय. कडी काढा गं.”

ती बाहेर होती. मग आत कोण होतं? आमच्या बोलीत मी पण हाय, तो पण हाय. सहा महिने आम्ही ‘मी’ ऐकत होतो.

तिची लेक अंबिका उमरीला दिलेली. तिला फोन केला. तिने सांगितलं. थोरला भाऊ महादेवा, तेव्हा बारा वर्षांचा. गणपती बुडवायच्या मिरवणुकीला पुन्हा जातो म्हणून हटून बसला होता. अव्वाने, म्हणजे आईने, त्याला खोलीत घालून बाहेरून कडी लावली आणि धाकट्या अंबिकेला घेऊन अंगणात निजली. पहाटे दगडामातीचं घर बसलं. “कडी नसती तरी वाचला असता का, कुनी सांगावं,” अंबिका म्हणाली, “पर अव्वाला कुनी सांगावं?”

सहा महिने मी त्या बाईला तू आतच हायेस म्हणून सांगत होते. माझी मलाच लाज वाटली.

सोमवारी ओढणी डोक्यावरच ठेवली. साडेतीनला गुरम्माला आवारात बसवलं आणि मी आवाराकडे दार असलेल्या अडगळीच्या खोलीत जाऊन स्वयंपाकाच्या बाईला बाहेरून कडी घालायला लावली. आत अंधार, फिनेलचा वास. पेले किणकिणले तशी दारावर थाप पडली. मी आतून हाक मारली, “अव्वा, कडी काढ.”

कडी निघाली. तिने मला बाहेर ओढलं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. लागलं का रे, म्हणाली. मी म्हटलं, “न्हाई अव्वा, येळेवर आलीस.” ती ओट्यावर बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पोटभर चहा प्याली. मॅडमनी ते खिडकीतून पाहिलं आणि बांधायचं नाव काढलं नाही.

मला वाटलं, जिंकले. मंगळवारी चारला ती पुन्हा दार बडवत उभी. काढलेली कडी तिच्या ध्यानात राहत नाही, लावलेली तेवढी राहते. म्हणून मी रोज आत जाते. आज चौथा महिना. ती कडी काढेपर्यंत माझाही जीव घाबरा होतो, खोटं कशाला बोलू.

काल तिने मला बाहेर काढलं, चाचपलं आणि पाठीवर हात ठेवला.

“जा, गणपती बघून ये. न्हाई अडवत.”

मी गेटपर्यंत गेले. रस्ताभर दप्तरं घेतलेली पोरं चालली होती. थोडा वेळ त्यांच्यात उभी राहून परत आले, तर गुरम्मा रिकाम्या खोलीच्या दाराशी होती. दार सताड उघडं, आणि ती चौकटीवर हात आपटत होती.

“आत हाय,” ती मला म्हणाली. “लेकरू आत हाय.”