सुलटा सातिया

शेणाचं बोट भिंतीला टेकवलं आणि सुमंगलाबाई थबकल्या. घरच्या उंबऱ्यावर रोज सरळ सातिया, म्हणजे स्वस्तिक, काढणारा हात मंदिराच्या या मागच्या भिंतीवर आपोआप उलटा वळत होता.

देवासच्या टेकडीवर दोन देवी, थोरली तुळजा आणि धाकटी चामुंडा. सख्ख्या बहिणी म्हटल्यावर भांडण आलंच. रागाच्या भरात थोरली जमिनीत जाऊ लागली, धाकटी टेकडी सोडून निघाली. हनुमान आणि भेरूबाबा, म्हणजे भैरव, पाया पडले, तेव्हा दोघी होत्या तशा थांबल्या. ही कथा सासूबाई जमुनाबाईंनी नव्या सुनेला, सुमंगलाबाईंना, पहिल्याच नवरात्रात सांगितली होती. म्हणाल्या, "रुसलेलीला बाईचं दुःख लवकर कळतं. उलटा सातिया काढ. कूस उजवली की येऊन सुलटा कर."

दरवर्षी नवरात्राआधी भिंतीला चुना लागे आणि साऱ्या बायांची गाऱ्हाणी एकदम पुसली जात. सुमंगलाबाई पुन्हा काढत. आशा मोठी चिवट. नवऱ्याला, कृष्णरावांना, कारखान्याने व्हीआरएस देऊन घरी बसवलं, कॉलनीतल्या मुली बाळंतपणाला माहेरी येऊन गेल्या. डोहाळजेवणाला ओटी भरायला सुमंगलाबाईंना मात्र कोणी बोलावलं नाही. रीतच ती, असं त्या मनाला समजावत. वाईट वाटायचं ते वाटायचंच.

यंदा श्रावणात त्यांची गर्भपिशवी काढली. "आता टेकडी कशाला चढतेस?" कृष्णराव म्हणाले होते. पण नवस बोलायचा कसा ते सांगणाऱ्या जमुनाबाई, फळला नाही तर काय करायचं ते न सांगताच गेल्या होत्या. देवीपुढे पदर पसरून ठेवायचा आता सुमंगलाबाईंना कंटाळा आला होता. सुलटा काढायचा आणि मागणं मिटवायचं, असं त्यांनी आपल्याच बुद्धीने ठरवलं.

त्यांनी तो काढला. चांगला ठळक आला.

मागे बागली गावची एक सून, कृतिका, ओटीचे तांदूळ, कुंकू आणि नारळ घेऊन उभी होती. सुलटा सातिया बघून ती पुढे आली.

"काकी, तुमची मन्नत पूरी झाली ना? मग माझी ओटी तुम्हीच भरा. आमच्याकडे मला कोणी शुभ कामात जवळ येऊ देत नाही."

खरं सांगावं म्हणून सुमंगलाबाईंनी तोंड उघडलं, पण तिने पदर पसरलासुद्धा. त्या पदराला नाही म्हणणं त्यांच्याने होईना. नळावर हात धुऊन त्यांनी तांदूळ घातले, नारळ ठेवला, कुंकू लावलं. आपला हात हिला बाधेल की काय, ही भीती होती. आणि जन्मात पहिल्यांदा ओटी भरल्याचं सुखही होतं, त्याची त्यांना लाज वाटली.

"मुलगा की मुलगी?" कृतिकाने विचारलं.

"मुलगी."

"नाव काय?"

"देवश्री," त्या लगेच म्हणाल्या. हे नाव त्यांनी कृष्णरावांपुढेही कधी उच्चारलं नव्हतं.

"कित्ती छान. पुढच्या नवरात्रात घेऊन या ना तिला."

"लांब दिलीय तिला," सुमंगलाबाई म्हणाल्या, "येणं होत नाही."