कानपूरला शिकलेलं

"हलू नका आबा, न्हाईतर मिशीचं एक टोक चिंचवडात ऱ्हाईल आन दुसरं आकुर्डीला जाईल," वस्तरा बापाच्या हनुवटीवर टेकवत रंगराव म्हणाला.

हलणार कसले? पोळ्याच्या दिवशी अर्जुनरावांचं उजवं अंग लुळं पडलं, तेव्हापासून ते खाटेवरच होते. पण वस्तरा असा फिरत होता, की खोटं वाटेल, गालावर बसलेली माशीसुद्धा जागची उठली नाही.

शेजारचा कोंडाजी उंबऱ्यात बशीतला चहा फुरकत बघत होता. "गाव सोडून गेलास तवा पान्याचा तांब्या हातात द्यावा लागायचा रं तुला! आन आता बापाला न्हाऊ घालतोस, पेज भरवतोस. सासऱ्याच्या अंगाला सुनंनं हात लावायची सोय न्हाई, पन तुझ्या दुर्गीलाबी जमलं नसतं असं. कुठं शिकलास राव?"

चिंचवडात त्या काळी दोन गोष्टी नेमाने ऐकू येत: पिंपरीच्या नव्या औषध कंपनीचा भोंगा आणि त्याच कंपनीत कामाला असलेल्या रंगरावाच्या थापा. भोंगा निदान वेळेवर थांबायचा.

"सोलापुरात भाकरी थापायला शिकलो," रंगरावाने वस्तरा पुसला. "पहिली भाकरी म्हशीला टाकली, तर तिनं आठ दिवस दूध चोरलं. अमदाबादेत ग्वाड बोलायला शिकलो. आन कानपुरात एका नबाबाचा म्हातारा हत्ती हुता, रोज सकाळी त्याची दाढी करायचो. शिडी लावून!"

कोंडाजीला ठसका लागला. हसत, खोकत तो घरी गेला.

अर्जुनराव हसले नाहीत. त्यांच्या वाकड्या तोंडातून शब्द एकेक करून यायचे. "हत्ती ऱ्हाऊ दे. कुनाचं केलंस?"

रंगरावाने थाप शोधली. दहा वर्षांत पहिल्यांदाच ती वेळेवर हजर झाली नाही.

"कानपुरात गिरनीत कामाला हुतो तवाची घरमालकीन," तो म्हणाला. "म्हातारी. तुमच्यासारखंच अंग गेलेलं. तिचा ल्योक कलकत्त्याला. गिरनीच्या दवाखान्यातल्या कंपौंडरनं मला समदं दावलं. चार म्हैने केलं तिचं."

"कंच्या साली?"

रंगराव वाटीतलं साबणाचं पाणी ढवळत राहिला. "एक्कावन."

एक्कावन साली त्याची आई मंजुळाबाई याच खोलीत पाच महिने अंथरुणाला खिळून होती. त्यातच गेली.

"तू कागद धाडला हुतास," अर्जुनराव म्हणाले. "सायेब रजा देईना म्हनून."

"गिरनी बंद हुती आबा. संप हुता. दोन म्हैने मी रिकामाच हुतो."

"मंग?"

"भ्यालो." रंगरावाचा आवाज कानपूरपर्यंत जाऊन आल्यासारखा दमला होता. "आईला तसं बघायचं धाडस हुईना. परक्या बाईचं करताना काळजाला काई हुत न्हवतं. वाटायचं, हितं करतोय ते तिकडं आईला पोचंल."

अर्जुनरावांनी नजर आढ्याकडे फिरवली. मग म्हणाले, "मला जमत न्हवतं रं. उचलायला गेलो की वरडायची. पाठ सोलून निघाली तिची. रोज इचारायची, रंगा शिकला असंल का न्हाई सोताचं सोता करायला? मी म्हनायचो, शिकला असंल. तुज्या त्या सायबाला मी सा वरसं शिव्या घातल्या. त्याचं वाटोळं व्हावं म्हनून गावदेवीम्होरं त्याच्या नावानं नारळ उलटा ठिवला."

रंगरावाने खाली मान घातली. साहेब भला माणूस होता. संपाच्या दिवसांत त्यानेच विचारलं होतं, घरी का नाही जात म्हणून.

"आबा, मी..."

"वळव मला."

"आँ?"

"भिंतीकडं त्वांड कर माजं."

बापाला त्याच्याकडे पाठ करायची होती, आणि ते बापाच्या हातात नव्हतं.

रंगराव उठला. एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. लुळा हात चेंगरू नये म्हणून आधी छातीवर घेतला. अंगाला हिसका न बसू देता म्हाताऱ्याला अलगद भिंतीकडे वळवलं. गुडघ्यांच्या मध्ये धोतराची घडी ठेवली. मग गोधडीची वळकटी करून ती त्याने बापाच्या पाठीशी नीट दाबून बसवली. नाहीतर ते लुळं अंग आपोआप पुन्हा त्याच्याकडे वळलं असतं.