बिनकड्याचा शनी

मंगळवार, २५ फेब्रुवारी २०२५. संध्याकाळी पावणेसातला निरवांगीत आप्पासाहेबांच्या रानात उसाचं पाचट पेटलं आणि प्रगतीचं पश्चिमेचं आकाश धुरात गेलं.

गावचं दूध संकलन केंद्र प्रगती चालवते. आत फॅट मोजायचं यंत्र, दाराबाहेर तिची दुर्बीण. दुर्बिणीला केंद्राची गच्ची मिळावी म्हणून ती महिनाभर दूध संस्थेच्या चेअरमनांच्या, म्हणजे आप्पासाहेबांच्या मागे लागली होती. "संस्थेची गच्ची पोरखेळाला न्हाय," ते म्हणायचे. शेवटी एकदा दूध घालणाऱ्यांच्या भरल्या रांगेत बोलून बसले, "एका सांजेला पाच ग्रह दाखव. किल्ली तुझी."

शुक्र, गुरू, मंगळ कुणालाही दिसले असते. बुध आणि शनी मात्र सूर्यामागोमाग मावळणारे, जमिनीला टेकलेले, आणि नेमका तिथंच आप्पासाहेबांचा ऊस उभा. ऊसतोडीच्या मुकादमाच्या हातापाया पडून प्रगतीनं तोड लवकर आणवली. रविवारी रान मोकळं झालं, मंगळवारची सांज ठरली. तोड झाली की पाचट पेटवतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ग्रहांच्या नादात प्रगती तेवढंच विसरली.

"घ्या!" कुशाबाई, तिच्या सासूबाई, रांगेतून म्हणाल्या. "उसाचा आडोसा काढला अन् धुराचा पडदा लावला. लय हुशार माझी सून!"

"आप्पासाहेब, रामहरीला थांबवा की," प्रगती दाराशी उभ्या चेअरमनांना म्हणाली.

"त्या गड्याला काय ठावं तुझं ग्रह? वारं पडलं की पेटवायचं. दरसालचं हाय."

"मग अट उद्यावर ढकला."

"ग्रह थांबत असतील तर आमीबी थांबतो की!"

रांग खदखदून हसली. प्रगतीला हसू आलं नाही. शनी रोज सूर्याच्या जवळ सरकत होता. चार दिवसांनी तो दिसणार नव्हता, आणि आप्पासाहेबांनी दुसऱ्यांदा शब्द दिला नसता.

तिनं रानाकडं नीट पाहिलं. आग अजून एकाच कोपऱ्यात होती. दारात कॅन धुवायची पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली होती.

"आत्या, तुमचा कॅन रिकामा झाला?" तिनं सासूबाईंना विचारलं.

"व्हय. का गं?"

प्रगती टाकीकडं बघत राहिली. कुशाबाईंनी टाकी पाहिली, आग पाहिली, पदर खोचला आणि कॅन बुडवला.

"बघताय काय तोंडाकडं?" त्या रांगेवर ओरडल्या. "दूध घालून झालं न्हवं? चला!"

दहा-बारा कॅन बांधावरून पळाले. रामहरी आडवा आला. "आवं, म्या आत्ता लावली अन् तुमी इझवताय?"

"पाचट कुजव, मुडद्या, खत हुतंय. सूनबाय रोज बोंबलती, आज म्या बोंबलते!"

पाणी पडलं तसा धूर आधी दुप्पट झाला. दुर्बिणीपाशी उभ्या प्रगतीनं डोळे मिटून घेतले. मग कालव्याकडून एक झुळूक आली आणि धूर पडदा ओढावा तसा बाजूला सरकला. उसाच्या बुडख्यांच्या वर, तांबूस उजेडात, एक ठिपका लखलखत होता.

"बुध!" प्रगती किंचाळली. तिनंही तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता.

ओल्या लुगड्यांनिशी परतलेल्या बायका मोजू लागल्या. समोर बुध, त्याच्यावर शुक्र, डोक्यावर गुरू, पूर्वेला मंगळ. "चार!" अख्खी रांग ओरडली.

प्रगतीनं दुर्बीण बुधावरून जरा डावीकडं सरकवली. फिकट, पिवळसर ठिपका. कुशाबाईंनी डोळा लावला. "हाय गं बाय! पाच!"

मग आप्पासाहेब वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"कडं कुठंय?"

"आँ?"

"पुस्तकात शनीला कडं असतंय. हितं नुसता ठिपका हाय."

"आवं, ताट डोळ्यासमोर आडवं धरलं की नुसती रेघ दिसती. यंदा त्याचं कडं आपल्याला तसंच दिसतंय," प्रगती म्हणाली.

"आन तेबी नेमकं आजच?"

"आप्पासाहेब," कुशाबाई म्हणाल्या, "चार कॅन पाणी म्या वाहिलंय. किल्ली काढा."

आप्पासाहेबांनी खिशात हात घातला. "ही चारांची धर. पाचव्याचं संचालकांच्या बैठकीत बघू."

त्याच संध्याकाळी रांगेतल्या बायांनी दुर्बीण उचलून गच्चीवर नेली.

मार्चमध्ये बैठक झाली. शनीचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. किल्ली अजून प्रगतीच्या कमरेला आहे.