एक नट माफ

मुकादमाने पथ्यासमोर एक नट आणि एक वायसर ठेवला, तरी पथ्याचं तोंड चालूच होतं.

"जन्मभर धुराडं पेटतं ठेवलं त्या नवाबाने. वर रोज संध्याकाळी बाटली. डॉक्टरने कान उपटले तर त्यालाच हसला. आता हृदयाच्या नळ्या तुंबल्या, तर त्या आपण उपसायच्या? माझ्या पगारातून फंडाला पैसे कापतात ते कुणाची हौस भागवायला?"

"तुझं बरंय बाबा," लेथवरचा कातारी म्हणाला. "उकडलेलं गिळून तू शंभरी गाठशील. पण तुला पोचवायला माणसं नकोत का शिल्लक? म्हणून जगवतोय त्याला."

सगळे हसले. पथ्या हसला नाही.

पंपांच्या त्या कारखान्यात त्याला पथ्याच म्हणत. तळलेलं नाही, चहा नाही, सिगारेटचा वाससुद्धा नाही. जेवणाच्या सुट्टीत तो आवारात फेऱ्या मारी. आवाराच्या कोपऱ्यात हा नवाब वेल्डर सिगारेट शिलगावून उभा असे. त्याच्याभोवती माणसं, माणसांभोवती धूर आणि धुरातून हसण्याचे लोटच्या लोट. पथ्या जवळून गेला की हसणं खाली बसायचं, पुढे गेला की पुन्हा उसळायचं. एकदा नवाबाचा एक विनोद त्याने घरी आपला म्हणून सांगितला. बायको पोट धरून हसली आणि डोळे पुसत म्हणाली, "नवाबभावजींचा ना हा?" त्या दिवशी तो जेवला नाही. तेही पथ्यातच जमा झालं.

आणि आता आजारपणातही तोच पुढे. अर्धा कारखाना दवाखान्यावर लोटला. पहारेकऱ्याने अडवलं, तर माणसं फाटकाबाहेर ताटकळत उभी राहिली. पथ्या टायफॉइडने आडवा झाला होता, तेव्हा मुकादमाचा निरोप आला होता, रजेचा अर्ज पाठव. बस, एवढंच.

डॉक्टरांनी नवाबाला आठवड्याची मुदत दिली होती. तेवढ्यात ऑपरेशन झालं नाही तर भरवसा नाही. मालकाने हात वर केले. उरला कामगारांचा आजार-फंड, आणि फंडातून मोठी रक्कम काढायची तर डबा फिरवायचा, ही तिथली जुनी रीत. प्रत्येकाला एक नट, एक वायसर. पैसे द्यायचे असतील तर वायसर टाकायचा, नसतील तर नट. उरलेलं मुकाट खिशात. डब्याच्या तळाशी चिंध्या, म्हणजे आवाजावरून कुणी ओळखायला नको. एक नट माफ. एक नट म्हणजे कुणाची तरी खुन्नस. दोन निघाले तर म्हणणं खरं धरायचं, पैसे द्यायचे नाहीत आणि विषय संपवायचा.

आजारी माणसालाही मत होतं. मुकादमाने नट-वायसर दवाखान्यात धाडले होते. नवाबाची बायको बँडेजच्या फडक्याची घट्ट गाठ घेऊन आली होती. गाठीत काय आहे हे तिने विचारलंही नसावं. तिने ती डब्यात सोडली आणि भिंतीशी जाऊन पदर सावरत बसली.

पथ्याने नट टाकला. त्याला अपराधी वगैरे काही वाटलं नाही. त्याच्या एका नटाने नवाब मरणार नव्हता. कुणीतरी नाही म्हणालं, एवढंच त्या लाडावलेल्या माणसाला कळणार होतं. कळायलाच हवं होतं.

डबा उघडायला नेहमी पथ्याच. त्याच्याइतका सरळ माणूस दुसरा नाही, हे त्याच्यावर खार खाणारेही मान्य करत. उघडणाऱ्याने सगळ्यांकडे पाठ करून बसायचं, चिंध्या काढायच्या आणि मग सगळं टेबलावर ओतायचं. त्याने डबा मांडीवर घेतला. वायसर, वायसर, आपला नट, पुन्हा वायसर. शेवटी ती गाठ. नखाने सोडवली.

आत नट होता.

त्याने तो उलटा करून पाहिला, जणू मागून वायसर निघेल. नवाबाने स्वतःलाच नाही म्हटलं होतं. पथ्या तासभर घसा फोडून जे सांगत होता, ते त्या धुराड्याने खाटेवर पडल्या पडल्या, एक शब्द न बोलता सांगून टाकलं होतं. ही बाजीसुद्धा त्याचीच. हे बाहेर पडलं की माणसं काय म्हणतील ते पथ्याला आत्ताच ऐकू येत होतं. वा रे नवाब! मरण पत्करलं, पण कुणाच्या पैशाला शिवला नाही! आणि त्या वाहवेच्या खाली दुसरा नट. तो कुणाचा, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

"काय रे, अंडी उबवतोयस का?" मागून कातारी ओरडला.

भिंतीशी बसलेली बाई त्याच्या पाठीकडे बघत असणार. पथ्याचा हात उरलेला वायसर होता त्या खिशात गेला, बाहेर आला.

मग त्याने डबा टेबलावर पालथा केला. वायसरांचा ढीग, आणि कडेला घरंगळलेला एक नट. मुकादमाने मोजलं. हिशेब जुळला.

"पास," मुकादम म्हणाला.

कुणी जल्लोष केला नाही. सगळ्यांनी आधी त्या नटाकडे पाहिलं, मग पथ्याकडे.

"झालं समाधान?" कातारीने विचारलं.

"झालं."

नवाबाच्या बायकोने कोपऱ्यात जाऊन फोन लावला. "हो, पास झालं... हो हो, खरंच... एक निघाला नट... एकच हो, मुकादमांनी मोजलं ना!" मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. गोंधळल्यासारखी पथ्यापाशी आली आणि फोन पुढे केला.

"भावजी, तुम्हांला द्या म्हणताहेत."

हात धुवायला निघालेले सगळे जागीच थांबले. पथ्याने फोन कानाला लावला. आधी नुसता श्वास आला, फाटक्या भात्यासारखा.

"पथ्या, एकच निघाला?"

"हं."

"तो माझा होता रे."

पथ्याने फोन कानाशी घट्ट दाबला.

"तुझ्या भरवशावर टाकला होता मी. म्हटलं, दुसरा तुझा असणारच. तू कशाला हलतोयस! आणि तू..." नवाबाला पुढचा शब्द सापडेना. त्या माणसाला शब्द सापडत नाही, असं पथ्याने कधी ऐकलं नव्हतं. "अरे, मी तुला जन्मभर..."

खोकल्याची उबळ आली. इकडे सगळे पथ्याकडे खाऊ की गिळू असे बघत होते. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "दम लागतो तुला."