लाल पाकिटातली रानवेल

मी एक जुनी रानवेल आहे. खरं म्हणजे वेलीचा हातभर तुकडा, वाळवून जाड कागदावर चिकटवलेला. मित्रांनो, माझ्यामुळे वनस्पती-संग्रहालयातल्या मोठ्या साहेबांचं काय साधणार होतं, ते आधी ऐका. मी नव्या जातीची ठरले की माझ्या नावात त्यांचं आडनाव येणार, दारावर ‘प्रमुख’ अशी पाटी लागणार, आणि सासऱ्यांपुढे एकदाचं पाय पसरून बसता येणार.

माझी ओळख सोपी आहे. जिथे पान फुटतं, तिथेच बरोब्बर समोरच्या बाजूला माझा तंतू फुटतो. त्याला दोन फाटे असतात, त्यांनी मी आधार धरते. साहेबांनी मला झाडावरून हिसकून ओढलं, तेव्हा माझी पानं गळून पडली आणि त्या झाडाचीच दोन पानं पिशवीत आली.

संग्रहालयात नमुने चिकटवायचं काम मावशींकडे होतं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ तिखट.

“साहेब, ही पानं हिची नाहीत. तंतूसमोर पान गळल्याचा वण आहे, बघा. त्यावर हा देठ बसतच नाही.”

“मावशी, तुम्ही गोंद बघा. नाव मी बघतो.”

“बघा बापडे. शेजारणीचे दागिने घालून नवरी उभी करताय, एवढंच सांगते.”

मग ‘जाड, दातेरी पानांची दुर्मिळ वेल’ म्हणून माझी कीर्ती छापून आली. पाटी लागली. आणि मला मिळाली कैद. नव्या जातीचा पहिला नमुना म्हणून मला लाल पाकिटात घालून लोखंडी कपाटात ठेवलं. साधे नमुने कोणीही उघडून बघायचं. माझी किल्ली साहेबांच्या खिशात. डांबरगोळ्यांच्या वासात, परक्या पानांना खेटून मी वर्षं काढली.

एकदा माझ्या रानातून रस्ता काढायचं ठरलं. दुर्मिळ वेल दिसली तर तो वळवणार होते. पाहणीवाले साहेबांचं वर्णन हातात धरून निघाले. ते कळताच मावशी कपाटापाशी येऊन म्हणाल्या, “आता तरी पाकीट उघडा, साहेब. एक ओळ तर बदलायची आहे.”

“निवृत्तीला चार महिने राहिलेत, मावशी,” साहेब हळूच म्हणाले. किल्ली खिशातच राहिली.

पाहणीवाल्यांनी माझ्या बहिणींची मऊ, पातळ पानं हाताने बाजूला सारली आणि जाड, दातेरी पानं शोधत पुढे गेले. ‘सापडली नाही’ असं लिहून आले. रस्ता सरळ माझ्या बहिणींवरून गेला.

पुढे साहेबांच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी मला उघडलं. वेल खरोखरच नवी होती. खरी पानं लिहिली असती तरी साहेबांना सगळं मिळालंच असतं. बाईंनी ‘ही पानं हिची नाहीत’ अशी दुरुस्तीची चिठ्ठी खाली चिकटवली. साहेबांची जुनी चिठ्ठी तशीच राहिली; ती काढायची नाही, असा इथला नियम आहे.

मित्रांनो, वेल ओढण्याआधी ती उभी असतानाच नीट बघा, आणि जी रोज हाताळते तिचं ऐका. साहेबांचं आडनाव माझ्या नावात कायम आहे. मावशींचं कुठल्याच चिठ्ठीवर नाही. किंमत मोजली माझ्या बहिणींनी, आणि आमच्या जातीत आता मी एकटीच उरले आहे, तीही बिनपानांची.